पुतळा कुणी केला?

पुतळा शेवटी जाळायचाच असतो, मग तो कसाही केला तरी चालतो, असं लोकांना वाटतं. साफ खोटं! वीस पावलांवरून 'हा अमुकच' असं ओळखू आलं नाही, तर मोर्चेवाले शिव्या घालतात आणि बंदोबस्ताचे पोलीस फिदीफिदी हसतात. मी निपाणीत उभा जन्म पेंटर म्हणून काढला. दुकानांच्या पाट्या, ट्रकवरची नक्षी, बेंदराला बैलांची शिंगं, सगळं रंगवलं. मग फ्लेक्स आला आणि माझे ब्रश डब्यात वाळून गेले. अशात एक मोर्चेवाला येऊन म्हणाला, "नेमूअण्णा, गवताचा माणूस करतासा काय?" करून दिला. तेव्हापासून मी पुतळेवाला.

दुकानावर मात्र तसं कधी लिहिलं नाही. ज्याचा पुतळा जळतो त्याची माणसं दुसऱ्या दिवशी करणाऱ्याला शोधत फिरतात. म्हणून या धंद्याचा पहिला नियम असा, की पुतळा कुणी केला हे कुणी विचारायचं नाही आणि आपण सांगायचं नाही. हा नियम मी सगळी वर्षं पाळला. आज मोडतोय, कारण माझ्या एका पुतळ्यापायी माझ्या मित्राचे हात गेले, आणि नियमाच्या आड लपून मी त्याच्याशी जे वागलो ते त्याहून वाईट होतं.

आधी कामाची रीत सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, डोक्याला मडकं, अंगात भाताचं पिंजर, वर कपडे, आणि तोंडाला मी रंगवलेला कागद. वजन एवढंच ठेवायचं, की एका माणसाला काखोटीला मारून पळता यावं. कारण मोर्चात खरी झटापट पुतळ्यासाठीच असते. मोर्चेवाले पेटवायला बघतात, पोलीस हिसकावून गाडीत टाकायला बघतात. पुतळा पोलिसांनी नेला की मोर्चा फसला. म्हणून आम्ही जोडी करतो. एक पोलिसांनी न्यायला, एक जाळायला. पहिला वाजतगाजत येतो, पोलीस त्याच्यावर तुटून पडतात, आणि ते दमले की दुसरा एखाद्या बोळातून बाहेर निघतो. पोलिसांनाही हे पाठ असतं. वरच्यांना दाखवायला एक पुतळा हाती लागला की त्यांचंही भागतं.

आमचं घर जैन, मूळचं सदलग्याकडचं. पहिला पुतळा केला तेव्हा आई कडाडली, "माणसाचा आकार करून जाळतोस व्हय रं? आनि त्या पिंजरातल्या किडामुंगीनं तुजं काय घोडं मारलंय?" माणसाचं मी मनावर घेतलं नाही, किडामुंगीचं घेतलं. तेव्हापासून पिंजर दोन दिवस कडक उन्हात पसरायचं, काठीनं झोडपायचं, मूठमूठ झटकायचं आणि मगच भरायचं, ही माझी पद्धत झाली. चातुर्मासात तर काम बंदच. एकदा एक कार्यकर्ता वैतागून म्हणाला, "अण्णा, सरकार काय तुमच्या चातुर्मासासाठी थांबतंय?" मी म्हटलं, "मग जोडे मारा की. त्यात कुठं मुंगी मरतीया?" त्यांनी फोटोला जोडे मारले आणि काम भागवलं.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचं गाव, त्यामुळं गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. सकाळी मराठीवाले यायचे, त्यांना बंगळूरच्या मंत्र्याचा पुतळा हवा असायचा. दुपारी कन्नडवाले यायचे, त्यांना मुंबईच्या मंत्र्याचा. दोघांनाही पिंजर एकाच गंजीतलं. एक गिऱ्हाईक तर तावातावानं भांडलं, "पुढारी एवढा देखणा हाय व्हय? लोकास्नी दया यील की!" मग नाक वाकडं करून दिलं. एकदा लांबच्या कुठल्याशा देशाच्या अध्यक्षाचा पुतळा मागितला. पेपरातला फोटो बघून चेहरा काढला. पुढच्याच महिन्यात दुसरी मंडळी आली. त्यांना त्याच अध्यक्षाचं चित्र हवं होतं, तो निवडून यावा म्हणून होमापुढं ठेवायला! निपाणी कशाशी खातात हे त्या माणसाला ठाऊक नसणार, आणि इथं त्याच्या नावानं एक जण बोंब मारतोय, दुसरा तूप ओततोय. मी आ वासून बघतच राहिलो. तोच चेहरा, फक्त ओठ जरा हसरे करून दिले.

आता मारुतीचं सांगतो. मारुती टेलर माझ्या शेजारच्या गाळ्यात बसायचा. शाळेपासूनचा दोस्त, तो मला नेम्या म्हणायचा, मी त्याला मारत्या. आमच्या भागात एक पुढारी आहे, नाव घेत नाही, साहेब म्हणतो. हा साहेब लोकांच्या मनातनं पार उतरलेला होता. पाच वर्षांत तोंड दाखवायचा नाही, आणि दाखवलं की काहीतरी लागट बोलून जायचा. पण मारुतीच्या दुकानात देवाच्या फोटोशेजारी साहेबाचा फोटो. मी चिडवायचो, "मारत्या, त्याला अगरबत्ती तरी देवापास्नं वायली लाव." तो हसायचा नाही. त्याची आई कोल्हापूरच्या दवाखान्यात वारली, त्या दिवशी सीमेच्या भांडणापायी बंद होता आणि हद्द ओलांडून एक गाडी यायला तयार नव्हती. साहेबानं स्वतःची गाडी पाठवली आणि स्मशानापर्यंत चालत आला. मारुतीच्या लेखी हिशेब तिथं संपला होता. पुढं साहेबानं काहीही करावं.

आणि साहेबानं केलंच. एका सभेत विडी कामगार बायकांच्या घरकुलांचा विषय निघाला, तर म्हणाला, "घरात बसून विड्या वळायच्या, त्यात कसले कष्ट?" निपाणीत हे बोलायचं! इथं निम्म्या घरांत सूप मांडीवर घेऊन बायकांची बोटं झिजली आहेत. मारुतीची बायको शारदा, मी तिला वैनी म्हणतो, तीही त्यातलीच. तिनं त्या रात्री नवऱ्याला वाढलं आणि म्हणाली, "उद्यापास्नं तुमच्या सायबालाच सैपाक कराय सांगा." हे मला मारुतीनंच सांगितलं. सांगताना डोळे भरले होते, पण फोटो काही उतरवला नाही.

बायकांचा मोर्चा ठरला आणि पुतळ्याची जोडी माझ्याकडं आली. साहेबाची ओळख म्हणजे त्याचं आकाशी रंगाचं बिनबाह्यांचं जाकीट. ते नसलं तर पुतळा कुणाचाही झाला असता. पोलिसांनी न्यायच्या पुतळ्याला जुनंपानं रंगवून घातलं. जाळायच्या पुतळ्याला जाकीट बरोब्बर हवं होतं, आणि तसं जाकीट कापणारा हात गावात एकच होता. मी मारुतीकडं गेलो आणि धडधडीत खोटं बोललो. म्हटलं, शाळेत स्नेहसंमेलन आहे, मास्तरांना नाटकासाठी साहेबाचं जाकीट हवंय.

मारुतीचा चेहरा एकदम खुलला. "नाटकात सायेब हाय व्हय? बघ, शाळेतल्या मास्तरला तरी किंमत हाय." नाटकाचं जाकीट म्हणून वरवर शिवून द्यायचं तर यानं आतून अस्तर लावलं, काज हातानं केले, साहेब पेन ठेवतो तो आतला खिसासुद्धा सोडला नाही. शिलाई घेतली नाही. मी ते जाकीट घरी आणून पुतळ्याला घातलं आणि मागं सरकून बघितलं. काम झकास झालं होतं, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला चौक बायकांनी भरला. साहेबाची माणसंही जमली होती, त्यांत मारुती. समोरच्या गर्दीत शारदावैनी चप्पल हातात घेऊन उभ्या. मी चहाच्या टपरीआड उभा राहून बघत होतो. पहिला पुतळा आला, पोलिसांनी तो ठरल्यासारखा हिसकावला, साहेबाच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. एवढ्यात दुसरा पुतळा बोळातून आला, कुणीतरी बाटली उपडी केली, काडी ओढली. आणि मारुती धावला. पोलिसांच्या हाताखालनं वाकून गेला आणि त्यानं पेटत्या पुतळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

दुसऱ्या कुणाचा पुतळा असता तर ओलसर गवत आधी धुमसलं असतं. माणसाला मागं ओढायला वेळ मिळाला असता. माझं पिंजर किडामुंगी मरू नये म्हणून दोन दिवस उन्हात भाजून काढलेलं. ते भपकन पेटलं. मुंग्या वाचवायला गेलो आणि माणूस भाजला! मी हे जागच्या जागी समजलो आणि टपरीच्या खांबाला धरून उभा राहिलो, पुढं झालो नाही. पुढं झाल्या त्या शारदावैनी. हातातली चप्पल टाकून त्यांनी पदरानं नवऱ्याचे हात दाबले आणि साहेबाच्या नावानं जो टाहो फोडला तो शिवीचा होता की रडण्याचा, मला अजून सांगता येत नाही.

बेळगावच्या दवाखान्यात मारुती दीड महिना होता. अस्तराचं कापड टेरिलीनचं, ते वितळून बोटांना चिकटलेलं. डॉक्टर म्हणाले, हात राहतील, पण बोटं मिटायची नाहीत. मी आठवड्यातून तीन-चार वेळा बस धरून जायचो, मोसंबी सोलून भरवायचो, गावच्या गोष्टी सांगायचो. एकदा माझ्यासमोरच हवालदार आला आणि त्यानं विचारलं, "पुतळा कुणी केला, ठावं हाय काय?" माझ्या हातातली मोसंबीची फोड तशीच राहिली. मारुतीनं छताकडं बघत सांगितलं, "मला काय ठावं न्हाय." मी मनातल्या मनात हुश्श केलं. गडबडीत यानं जाकीट बघितलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती मला पटलीसुद्धा. माणूस स्वतःला किती लवकर पटवतो!

साहेब दवाखान्यात आला नाही. त्याचा माणूस फळांची टोपली घेऊन आला, फोटो काढला आणि गेला. वर्ष उलटायच्या आत साहेबानं पक्ष बदलला. ज्यांनी त्याचा पुतळा जाळायला लावला होता, त्यांनीच त्याच चौकात त्याला शाल घातली. ते बघून मी घरी आलो आणि जेवलो नाही. पुतळे तर मारुती भाजला त्या दिवसापासूनच बंद केले होते.

त्यानंतर माझी मुलगी सुप्रिया मला इंग्लंडला घेऊन गेली. बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमानात बसलो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. कसला सुटतोय! तिच्या गावात थंडी सुरू होताना दर वर्षी मोठी होळी पेटवतात, आणि त्या होळीत ज्याच्यावर लोक सगळ्यांत जास्त चिडलेत त्या पुढाऱ्याचा पुतळा जाळतात. शेजारी पीटर म्हणून एक म्हातारा होता, बसवर ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. माझा धंदा सुप्रियाच्या तोंडून ऐकून तो एवढा खूश झाला, की मला हाताला धरून पुतळा चालला होता त्या शेडमध्ये घेऊन गेला.

दोन मजली पुतळा! तारेच्या जाळीवर खळीनं कागद चिकटवलेले, पोटात फटाके भरायची सोय. देशाच्या एवढ्या मोठ्या पुढाऱ्याला नुसत्या चड्डीवर खुर्चीत बसवलेलं. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पीटरच्या घराच्या खिडकीत याच पुढाऱ्याच्या प्रचाराचा कागद लावलेला मी रोज बघत होतो. आणि हा बाबा शिडीवर चढून त्याच पुढाऱ्याच्या नाकाला कागद लावत होता!

मी सुप्रियाला म्हटलं, "विचार त्याला, हा तुझाच नेता ना?"

तिनं विचारलं, त्याचं उत्तर सांगितलं. "व्हय म्हणतोय. गेल्या खेपेला मत दिलं, पुढच्या खेपेलाबी देणार."

"मग जाळतोय कशाला?"

"चुकलाय म्हणून."

"त्याची माणसं याला मारायला येतील की गं!"

सुप्रियानं हे सांगितल्यावर पीटर शिडीवरच हसत सुटला. "म्हणतोय, त्याची माणसं म्हंजे कोण? मीच की."

माझ्या डोक्यात काही शिरेना. निव्वळ येडेपणा, असंच वाटलं. मग त्यांनी मला पुतळ्याच्या पायाशी नेलं. आतल्या बाजूला, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावं ब्रशनं लिहिलेली होती. दर वर्षी लिहितात. पीटरनं माझ्या हातात ब्रश दिला आणि खुणेनं सांगितलं, लिही. मी जाळीची एक वाकलेली तार सरळ केली होती, तेवढ्यावर माझाही हक्क झाला होता. उभा जन्म दुसऱ्यांची नावं पाट्यांवर रंगवली, स्वतःचं मात्र मला लिहवेना. मी ब्रश खाली ठेवला आणि थंडीचं निमित्त करून घरी आलो.

होळीच्या संध्याकाळी मैदानात गर्दी ही एवढी, बापांच्या खांद्यावर पोरं, आणि पोलीस चक्क हात शेकत उभे. पुतळा पेटला तसे माझे पाय आपोआप पुढं झाले. मी गर्दीत शोधत होतो, कोण धावतोय ते. सुप्रियानं माझी बाही धरली, "आप्पा, कुठं चाललाय?" कुणीच धावलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते. तिकडं सगळं गोडच आहे असं मात्र समजू नका. पलीकडच्या बाजूला पीटरचा सख्खा भाऊ उभा होता. याच पुढाऱ्याला मत दिलं म्हणून त्यानं पीटरशी बोलणं टाकलं होतं. पीटरनं हात वर केला, भावानं तोंड फिरवलं. पीटरनं वर केलेला हात हळूच खिशात घातला. नावडता पुढारी दोन्हीकडं आपल्या घरात सुखी, आणि त्याच्यापायी तुटायचं ते आपण. पण पीटरनं निदान केलं ते नावासकट केलं होतं, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

निपाणीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या दुकानात गेलो. आता मशीनवर शारदावैनी बसतात. मारुती शेजारी बसून मापं सांगतो. साहेबाचा फोटो अजून भिंतीवर होता. मी इंग्लंडची सगळी गोष्ट सांगितली. मारुतीनं नीट ऐकली आणि म्हणाला, "त्या पीटरचा सायेब त्येच्या आईच्या मातीला गेला नसंल."

हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी मान हलवली. मग एका दमात बोललो, "मारत्या, ते जाकीट नाटकाचं नव्हतं. पुतळा मी केलता."

मशीन थांबली. मारुती म्हणाला, "ठावं हाय."

"कवापास्नं?"

"चौकातच. माजी शिलाई मला वळखंना व्हय? अख्खं गाव म्हणतंय मारुतीनं सायबासाठी उडी मारली. अरं, सायबाचा पुतळा त्येच्या आदीबी जळलाय की, तवा मी हितं बटनं लावत हुतो. त्या दिवशी मी केलेलं जळत हुतं, नेम्या. अस्तर लावून केलेलं."

मी त्या बोटांकडं बघत होतो. तसंच विचारलं, "मग हवालदाराला सांगितलं का न्हाईस? मला तरी का बोलला न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून." तो शांतपणे म्हणाला. "मोसंबी सोलायला लागलास की वाटायचं, आता सांगंल. बस पकडाय उठलास की वाटायचं, दारातनं मागं फिरंल. सायेब आला न्हाय त्येचं मला कायबी वाटलं न्हाय, नेम्या. त्येला तोंड दाखवायची लाज वाटली आसंल. तू तर तेच तोंड घिऊन सारखा येत हुतास."